गळ्याचे माप

आम्ही सोलापूर सोडले त्या दुपारी मी फलाटावर रडलो, असे माझा धाकटा भाऊ श्रीपाद गेली पाच-सहा वर्षे भेटेल त्याला सांगत आला आहे. मी रडलो नाही. मी त्याला रागावत होतो, कारण वळकटीचा पट्टा त्याने नीट आवळला नव्हता आणि ती डब्यात चढवताना फलाटावरच उलगडली. दोन चादरी, एक घोंगडी आणि माझे धोतर धुळीत पडले, आणि निरोपाला जमलेल्या पंधरा-वीस माणसांपैकी एकानेही वाकण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्यांचे लक्ष खिडकीकडे होते. खिडकीत माझी पत्नी सुशीला बसली होती. मे महिन्याच्या त्या भट्टीत तिने पदर गळ्याभोवती दोनदा वेढून घेतला होता, आणि आमच्या चाळीतल्या बायका तो कधी ढळतो याची वाट पाहत होत्या. त्याआधी दीड वर्ष तिच्या गळ्यातली गाठ शस्त्रक्रियेने काढली होती. व्रण राहिला होता. चाळीने तिला ‘गळा कापलेली’ असे नाव ठेवले होते, आणि तेच लोक गाडी हलताना डोळे पुसत होते. मला त्यांची किळस आली. श्रीपादने माझ्या चेहऱ्यावर जे पाहिले ते हे होते.

गिरणी बंद पडल्यावर भिवंडी, सुरत, पुणे असे पांगलेले आमच्या विणकाम खात्यातले लोकही हे वाचतील, म्हणून क्रमाने सांगतो. मी त्या खात्यात मास्तर होतो. चाळीतली खोली गिरणीची होती, ती सोडावी लागली. मुलगा विनायक बंगळूरजवळ होसकोट्याच्या एका कारखान्यात नोकरीला होता आणि शहरात मल्लेश्वरमला भाड्याच्या घरात राहत होता. आम्ही त्याच्याकडे आलो. यात रडण्यासारखे काही नव्हते. आवडण्यासारखेही काही नव्हते.

बंगळूरची थंडी ही थंडीच नव्हे, असे पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा मला ऐकवतो. त्याने सोलापुरात साठ वर्षे काढून मग यावे. नोव्हेंबर लागला आणि त्या घराच्या तांबड्या गुळगुळीत फरशीतून गारठा पायांत चढू लागला. पंधरा दिवसांत सुशीलेला दम लागू लागला. डॉक्टरांनी तपासून स्वच्छ सांगितले की छाती सतत उबेत राहिली पाहिजे, नाहीतर ही हवा त्यांना मानवणार नाही, परत घेऊन जा. परत म्हणजे श्रीपादच्या दोन खोल्यांत, त्याच गल्लीत, त्याच बायकांच्या शेजारी. मी सुशीलेला विचारले नाही. तिच्या मनात परत जायचेच असणार, असे मी गृहीत धरले.

शाल चालेना. ती कामात घसरते, आणि गॅसपाशी शाल पांघरून उभे राहणे हा शहाणपणा नव्हे. तेव्हा स्वेटर हवा होता. सोलापुरात आमच्या घरात कोणी स्वेटर विकत घेतल्याचे मला आठवत नाही. पण जो माणूस पस्तीस वर्षे कापडात राहिला, त्याला एक लोकरी अंगरखा निवडता येणार नाही, असे मला वाटण्याचे कारण नव्हते.

पहिला स्वेटर सूनबाई मेधाने आणला. त्याची मान हनुवटीपर्यंत उभी होती. सुशीलेने तो डोक्यातून घातला आणि दुसऱ्याच क्षणी दोन्ही हातांनी मान ओढत बाहेर काढला. व्रणावर घट्ट काही टेकले की तिचा श्वास कोंडतो. तो स्वेटर मी सुनेच्या अंगावर फेकला असे नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. मी तो घडी घालून परत दिला. घडी घालताना मी जे बोललो ते कापडाबद्दल होते, सुनेबद्दल नव्हते.

मग मी स्वतः बाजारात उतरलो. जे पाहिले त्याचा मला वीट आला. त्रिकोणी गळ्याचे स्वेटर होते. शाळकरी पोरांच्या गणवेशासारखे, छाती उघडी टाकणारे. बटणांचे होते, त्यांतले सर्वांत वरचे बटण नेमके व्रणावर येई आणि ते सोडले की दोन बटणांच्या फटींतून वारा आत जाई. आणि धागा? हाताला चिकट, नव्या कपड्यालाही रॉकेलसारखा वास, डोक्यातून काढताना केस उभे करून चटचट ठिणग्या पाडणारा. दोन धुण्यांत त्यावर गोळे येतात. त्याला दुकानदार ‘प्युअर वूल’ म्हणत होता. मी त्याच्यासमोर बाहीच्या शिवणीतला एक धागा उपटला आणि काडी ओढून पेटवला. लोकर असती तर जळक्या केसांचा वास येऊन ती आपोआप विझली असती आणि राख चिमटीत भुगा झाली असती. हा धागा वितळला, त्याचा काळा टणक मणी झाला. दुकानदार “सार, बेंकी बेडा, बेंकी बेडा” म्हणजे आग नको म्हणत मागे सरला. मी माझ्या सोलापुरी कानडीत त्याला सांगितले की आग नको असेल तर खोटेही नको. माझी कानडी ऐकून तिथली दोन गिऱ्हाइके हसली. एवढेच घडले. ‘अण्णांनी दुकान पेटवले’ ही आवृत्ती श्रीपादची आहे, आणि त्या दिवशी तो चारशे मैलांवर होता.

अखेर खरी लोकर मला रस्त्याकडेला मिळाली. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते तिथे पथारी मांडून बसतात. त्यांच्यातल्या एका बाईने मला काडी ओढू दिली आणि जळक्या केसांचा वास आल्यावर स्वतःच मान डोलावली. स्वेटर करडा होता, जाड होता, मऊ होता. गळा मात्र उभा. मी विचार केला, मान कापून टाकली की काम झाले.

इथे मला एक चूक मान्य करावी लागते, आणि ती चूक फक्त विणकर करू शकतो. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना धरून असतात. कात्री लावली तरी कड काही वेळ टिकते, तोवर दुमडून शिवता येते. सुईवर विणलेल्या कपड्यात नुसते फासे असतात, एकात एक अडकवलेले. मी कात्री चालवली, सुशीलेने तो अंगात घालून हात वर केला, आणि गळ्यापासून छातीपर्यंत फासे सरसर सुटत गेले. मेधा तोंडाला पदर लावून आत पळाली. असे मी तीन स्वेटर कापले, अशी घरात वदंता आहे. एकच कापला. पण ज्या माणसाच्या सहीशिवाय खात्यातून तागा बाहेर जात नसे, त्याला एक पुरेसा असतो.

तेवढ्यात शेजारच्या रुक्मिणीअक्का आल्या. हे मराठी घराणे तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि त्यांची मराठी वाटेत कुठेतरी पावसात भिजली असावी. ती ऐकताना माझ्या कानांना त्रास होतो. त्यांनी जमिनीवरचा तो प्रकार उचलून पाहिला.

“अय्यो, काय हे अण्णा! कात्रीनं काय कापताय? मी विणून देते की. स्वल्प माप सांगा गळ्याचं.”

“गळा बंद हवा,” मी म्हणालो. “वरपर्यंत. पण घट्ट नको.”

“ते तुम्हाला हवंय. अक्कांना कसा हवा?”

“त्यांना काय विचारायचे? त्यांना झाकायला हवे.”

“माप नाही तर मी कशावर टाके टाकू? कुठपर्यंत सोसतं ते बघायला नको? तुम्ही बघितलाय?”

मी दारापर्यंत जाऊन त्यांच्यासाठी दार उघडून धरले. यालाच ‘हाकलून दिले’ असे म्हणतात, आणि ते मी नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर सुशीला उठली. “मी शेजारी जाऊन येते,” ती म्हणाली.

“कशाला?”

“माप द्यायला.”

ती तासाभराने परतली. मी विचारले, “गळा कसा सांगितलास?”

“गोल. व्रणाच्या दोन बोटं खाली. छाती झाकेल, गळा मोकळा राहील.”

“म्हणजे सगळे दिसणार.”

“दिसू दे. इथं मला कोण ओळखतं? त्या बाईंनी बोट ठेवून बघितलं, म्हणाल्या, सरी, म्हणजे ठीक आहे, वाळलंय छान. झालं. मला परत जायचं नाही हो तिकडं.”

“लोक नावे ठेवतील म्हणून तर तू झाकत होतीस.”

तिने माझ्याकडे पाहिले. पस्तीस वर्षांत ती मला उलटून बोलली नव्हती, आणि तेव्हाही तिचा आवाज चढला नाही. “लोकांनी नाव नंतर ठेवलं. दवाखान्यातून निघताना, रिक्षात बसायच्या आधी, तुम्ही म्हणालात, पदर वर घे. मी घेतला. मग तो खाली घ्यायला कोणी सांगितलंच नाही.”

मला ते वाक्य आठवत नाही. मी दिवसभर आठवून पाहिले. रिक्षा आठवते, औषधाच्या बाटल्यांची पिशवी आठवते. मी इथवर श्रीपादची, सुनेची, दुकानदाराची प्रत्येक आवृत्ती खोडली आहे आणि पुराव्यानिशी खोडली आहे. हिची खोडता येत नाही. ज्या गळ्यासाठी मी सबंध बाजार पालथा घातला, त्याच्याकडे मी त्या दिवसापासून एकदाही पाहिले नव्हते. बाजारात मला ज्या मालाचा वीट आला, त्यात सर्वांत वाईट माल माझाच होता.

स्वेटर अकरा दिवसांत झाला. त्याला आता पाच हिवाळे लोटले. अजूनही त्यात मला एक दोष दिसतो: डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब आहे. ते मी रुक्मिणीअक्कांना सांगितले आणि त्या म्हणाल्या, “सरी अण्णा, पुढच्या वेळी तुम्हीच विणा.”

श्रीपाद दर दिवाळीला लिहितो की परक्या मुलखात किती दिवस राहणार, आता घरी या. त्याला वाटते, मुलाच्या मिंधेपणामुळे मी इथे अडकलो. हे शहर मला आवडत नाही. इथले पाणी, इथले वडे, इथले रस्ते खणण्याचे वेड, काहीच आवडत नाही. पण सकाळी साडेसातला सुशीला फुले आणायला एकटी बाहेर पडते. पदर कमरेला खोचलेला असतो, गळा उघडा असतो, आणि फुलवाली तिला अक्का म्हणून हाक मारते. ज्या गावात तिला हे करता आले नाही, त्याला मी यापुढे घर म्हणणार नाही, श्रीपाद. हा हट्ट आहे, असे तू सर्वांना सांगशीलच. ते खरे आहे.