अंबादासची हनुवटी

इरफानचा फोन आला तेव्हा मी नवी पेठेत पडद्यांचं कापड बघत होतो. "अंबादास गेला बे," एवढंच तो म्हणाला. असली थट्टा करू नकोस म्हणून मी त्याच्यावर खेकसलो. आदल्याच संध्याकाळी अंबादास स्टुडिओत ड्रम्स वाजवून गेला होता, जाताना माझ्या पोटावरून टोमणाही मारला होता... पहाटे झोपेतच त्याचं हृदय थांबलं. दुकानदार भाव सांगत राहिला आणि मी तसाच बाहेर पडलो.

कॉलेजात असताना आम्ही तिघांनी 'धोटा' नावाचा हेवी मेटल बँड काढला होता. मागावर इकडून तिकडे धावत सूत विणतो, तो धोटा. नाव अर्थात अंबादासचं, कारण सराव त्याच्या वडिलांच्या यंत्रमागांच्या कारखान्यात चालायचा. इरफान गिटार वाजवत गळा फाडून गायचा, मी बेसवर. वडिलांची अट एकच होती. "माग चालू असताना काय वाजवायचं ते वाजवा. माग बंद असले की गल्ली झोपते, तेव्हा आवाज नको." त्यामुळं शेजाऱ्यांना कधी ऐकूच गेला नाही असा आमचा मेटल बँड! गाणं सुरू करायला ड्रमच्या काड्या आपटून एक-दोन-तीन मोजतात, ते त्या खडखडाटात आम्हालाही ऐकू येईना. मग अंबादास छाती भरून श्वास घ्यायचा, हनुवटी वर उचलायचा, आणि ती खाली आली की तिघंही एकदम सुटायचो. एक कॅसेट निघाली, ती बहुतेक आम्हीच वाटली. पुढं भांडण वगैरे काही झालं नाही. इरफान माळशिरसकडं साखर कारखान्यात लागला, मी बँकेत, आणि अंबादास वडिलांच्या मागांवर बसला.

गेल्या वर्षी इरफान निवृत्त होऊन सोलापुरात परतला आणि अंबादासनं टुमणं लावलं, पुन्हा अल्बम काढायचा. "म्हातारे झालो तर काय झालं बे? मेटल काय पोरांच्या बापाचंय?" ज्या स्टुडिओत एरवी भक्तिगीतं होतात, तिथं आम्ही पांढऱ्या मिशा घेऊन हजर झालो. स्टुडिओवाल्यानं तिघांना तीन खोल्यांत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि खूण केली. कुणीच वाजवेना! आम्ही दोघं बंद दाराकडं बघत हनुवटीची वाट बघत होतो. शेवटी त्यानं कंटाळून आम्हाला एकाच खोलीत समोरासमोर बसू दिलं. अल्बमचं शेवटचं गाणं मात्र आवाज स्वच्छ यावा म्हणून एकेकट्यानं वाजवायचं ठरलं. अंबादास आपलं वाजवून मोकळा झाला. आमची पाळी दुसऱ्या दिवशी होती.

त्याच्यामागं ते गाणं टाकून द्यावं असं मला वाटत होतं. दिवसकार्य झाल्यावर त्याच्या पत्नी पद्मावहिनीच म्हणाल्या, "अर्धं ठेवू नका की. घरात ताटं बडवून बडवून लई डोकं उठवलंय त्यांनी माझं." मग मात्र ते पुरं करायचंच, आणि त्याच्याच ड्रम्सवर, असं आम्ही ठरवलं. पण गाणं पहिल्या ठोक्याला तिघांनी एकदम सुरू होणारं, आणि अंबादासनं मोजलेलं काहीच नव्हतं. त्याच्या रिकाम्या स्टुलासमोर आम्ही दोघं एकत्रच वाजवायला बसलो, तरी दर वेळी चुकायचो. स्टुडिओवाला म्हणाला, "सुरुवातीला मशीनचे ठोके टाकतो." इरफान भडकला. "अंबादासच्या गाण्यात मशीन मोजनार? नक्को." मला रडू आवरेना. आता हे गाणं होत नाही, असं वाटून मी बेस खाली ठेवला.

स्टुडिओवाला कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत म्हणाला, "त्यांच्या पहिल्या ठोक्याआधीचं थोडं कापलंय मी, तिथं नुसतं शांत होतं. ते परत जोडून बघू?"

त्यानं जोडलं. हेडफोनमध्ये स्टूल करकरलं, मग काहीच नाही... आणि मग तो छाती भरून घेतलेला श्वास. आम्ही दोघांनी एकदम मान वर केली, समोरच्या रिकाम्या स्टुलाकडं बघितलं, आणि पहिल्या ठोक्याला बरोबर सुटलो.

अल्बम आता आला आहे. तो श्वास आम्ही कापू दिला नाही. परवा शुक्रवार पेठेत त्याच्या घरी गेलो होतो. वहिनींना आमच्या मेटलचा पहिल्यापासून वैताग. सगळं गाणं त्यांनी अजून ऐकलेलं नाही. चहा ठेवून त्या फोन माझ्यासमोर सरकवतात. "सुरुवातीचं तेवढंच लावा की भाऊजी."

मी लावतो. श्वास ऐकू येतो. माझी हनुवटी आपोआप वर जाते, आणि ठोका पडायच्या आत वहिनी गाणं बंद करतात.