मंजुळाकाकीचं कार्ड

१९५६ साली पिंपरीच्या माळावरच्या आमच्या कारखान्यानं फर्मान काढलं, प्रत्येकानं फोटोचं ओळखपत्र जवळ बाळगायचं. थेरगावच्या पारावर आठवडाभर नुसता कालवा. सगळ्यांत वर आवाज माझे चुलते लक्ष्मणराव यांचा. "आपल्याच गावात आपली वळख कागदानं द्यायची व्हय? आज कंपनी मागतीया, उद्या सरकार मागंल!" त्यात बायकांची नावं परक्या कारकुनाला सांगायची म्हणजे तर कहरच. पण त्यांचीच बायको, माझी मंजुळाकाकी, त्याच कारखान्यात माझ्या शेजारी बसून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायची. कार्ड नाही तर काम नाही. काका चडफडले, पण तिला अडवलं नाही.

कारकुनानं काकीला नवऱ्याचं नाव विचारलं. ते तोंडानं कसं घ्यायचं? गोंधळून तिनं बापाचंच सांगितलं, "सोपान."

"आणि तुमचं?"

बापाच्या नावामागं तिचं माहेरचं नाव आपसूक बाहेर पडलं. "इंद्रायणी."

मी चाटच पडले. घरी येताना काकी म्हणाली, "अकराव्या वर्षी लगीन झालं. तांदळात मंजुळा लिवलं, तवापास्नं इंद्रायणी म्हनून कुनी हाकच मारली न्हाई. आई-बाप गेलं. आता कोन मारनार?"

कार्ड मिळालं त्या सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं ते वाचून पुकारलं, "इंद्रायणी!" काकी मागं वळून कोण ती बाई बघायला लागली. मग तिच्या ध्यानात आलं आणि पदर डोळ्यांना गेला. पुढं रोज ती हाक ऐकायला काकी मुद्दाम माझ्या आधी फाटकाशी पोचायची. मी तिला चिडवायचेही.

आठ दिवसांनी घोळ उघडकीला आला. हजेरीपटावर मंजुळा, कार्डावर इंद्रायणी. उद्या कार्ड परत द्या, नवं घ्या, असा हुकूम झाला.

त्या संध्याकाळी पवनेच्या काठानं परतताना काकी थांबली. "शालन, तू तरी येकदा मला त्या नावानं हाक मार की."

चुलतीला नावानं हाक मारायची? "कायतरीच काय काकी!" म्हणत मी हसले. तीही हसली आणि चालायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं कार्ड परत केलं.

काकी जाऊन बरीच वर्षं झाली. मला माझाच राग येतो. घरात कुणी नसलं की मी ते नाव मोठ्यानं घेऊन बघते. घ्यायला किती सोपं आहे ते.