किल्ल्यावरची हाक

माझं शुद्धलेखन चौथीपुरतंच आहे आणि अक्षरही वेडंवाकडं. सांभाळून घ्यावं.

धारूरच्या किल्ल्यावर सीताफळं आणायला गेले होते. तिथं एक म्हातारी धनगरीण मेंढ्या चारत होती. सोबतच्या सुनेला ती नुसती टाळी वाजवून बोलवायची.

एवढ्यात माझी चार वर्षांची लेक दिसेनाशी झाली. तटापलीकडे खोल तळं होतं. मी तिच्या नावानं ओरडले. आवाज तटावर आपटून परत आला, लेक आली नाही.

म्हातारीनं धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला.

“नाव कावून घेतलं गं? आदी ह्यो महादुर्ग व्हता, मंग फत्तेहाबाद झाला, आता निजामाच्या राज्यात धारूर. नावं देणारे समदे गेले. गड नाव ठिवून घेतो, बाई.”

ती मेंढ्यांना घालतात तशी लांब हाळी घालत तळ्याकडे गेली. मेंढ्या आल्या, त्यांच्यामागून लेक आली. कमरेपर्यंत भिजलेली.

“हिला आता दुसऱ्या नावानं बोलीव,” एवढंच म्हणून म्हातारी निघून गेली.

हे खरं नसेलही. पण लेक सासरी गेली तरी तिचं पाळण्यातलं नाव मी पुन्हा उच्चारलं नाही. इथं लिहायलाही हात धजत नाही.