डब्याला सावली

धारगळच्या दवाखान्यातून रक्ताच्या नळ्या डब्यातून म्हापशाला तपासायला नेणारा तो माणूस बसमध्ये माझ्यापुढेच बसला होता. नाव काही मी विचारलं नाही. बस वळली, ऊन आलं, की डबा उराशी धरून तो दुसऱ्या बाजूला जायचा.

मासळीवाली हसली, “बायल माहेरी पोचवतोस काय रे? घाल त्यात माझा बर्फ.”

“नको गो मावशे. थेट बर्फ लागला तर रक्त फुटतं, तापलं तर नासतं. आज एका म्हातारीची शीर तिसऱ्या टोचणीला गावली म्हणे. तिला परत टोचायला नको.”

आता ती म्हातारी मीच, हे त्याला कुठलं ठाऊक? पुढे बस भरली, आणि ऊन पुन्हा त्याच्यावर आलं. मी उठले.

“इथे बस पुता, सावली आहे.”

“तुम्ही उभ्या राहणार?”

“पाय धड आहेत रे माझे. हातच तेवढा दुखतोय.”