पावती नसलेली वर्गणी

डोणगावच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि वैधव्याला सात वर्षं झाली होती. शाळेमागच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. गावातल्या बायका वाईट नव्हत्या. रस्त्यात भेटल्या की मुलीच्या अभ्यासाचं विचारायच्या. पण एकमेकींकडे जायची त्यांची निमित्तं म्हणजे हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवण. त्यात माझी जागा नव्हती. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी घंटा होईपर्यंत माझं कुणाशी बोलणं होत नसे.

त्या वर्षी गावातले एक वकील नागपूरच्या असेंब्लीसाठी उभे राहिले. पुरुषांकडून वर्गणी जमवायला कार्यकर्ते होते. बायकांकडे वकिलांची बायको स्वतः जायची. एका गुरुवारी ती माझ्या दारात आली. वर्गणीला कुंकू लागत नाही, म्हणून आली असेल.

"मास्तरीणबाई, पाच रुपये द्या आमाले."

मी लोकल बोर्डाची नोकर. पावतीवर माझं नाव दिसलं असतं तर नोकरीवर गदा आली असती. तसं तिला सांगितलं.

"मंग पावती नका घेऊ," ती म्हणाली. "तुमचा पैसा कुठी लागला, थे मी येऊन सांगन."

पाच रुपये माझ्या ट्रंकेत होते. मी आत गेले, ट्रंक उघडली आणि आठ आणेच घेऊन बाहेर आले. "आत्ता एवढेच आहेत. पुढच्या गुरुवारी या, आणखी देते."

ती खरंच आली. चहा घेतला. "तुमचे आठ आणे पेट्रोलात गेले. मेहकरहून भाड्यानं मोटार आणली हाये. लोकं मोटार पाह्याले येतात, भाषण आयकाले कोणी नाही." मी पुन्हा आठ आणे दिले. त्या पैशांचे छापील कागद आले. त्यापुढच्या वेळचे एका पाटलाला गेले. स्वतःच्याच बैलगाडीत बसून मतदानाला येण्याचं भाडं त्यानं आगाऊ मागितलं होतं. हे सांगताना ती इतकी हसली की तिच्या बशीतला चहा लवंडला.

एका गुरुवारी मात्र ती गप्प होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "दोन महिने झाले, रोज चाळीस माणूस जेवते घरी. मले कोणी इचारत नाही, तू जेवली का म्हणून. हे तं गावोगाव फिरून राह्यले. कवा आले, कवा गेले, थे मोटारच्या आवाजावरून समजते मले."

"आज जेवलात का?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मी भाकरी टाकल्या, पिठलं केलं. दोघी समोरासमोर बसून जेवलो. सात वर्षांत माझ्या पानासमोर दुसरं पान नव्हतं.

मतदानाच्या आदल्या गुरुवारी मी नेहमीसारखे आठ आणे पुढे केले. तिनं ते घेतले नाहीत.

"वर्गणी झाली आता, बाई."

"अजून माझ्याकडे आहेत."

"मालूम हाये मले. पह्यल्याच दिवशी तुमच्यापाशी पाच रुपये होते. ट्रंक उघडली तवाच दारातून दिसले."

मला शरमल्यासारखं झालं. "मग तेव्हाच मागितले का नाहीत?"

"मंग मी पुन्हा कायले आली असती?" एवढं बोलून ती उठली आणि गेली.

वकील निवडून आले. गुलालाची मिरवणूक शाळेवरून गेली. तिच्यात सगळे पुरुषच होते. पुढचे गुरुवार आले आणि गेले. तिला आता यायला कारण नव्हतं, आणि मला तिच्या घरी जायचं धाडस नव्हतं. आमदाराचं घर, तिथं विधवा मास्तरीण कशासाठी जाणार?

महिन्याभरानं त्यांनी नागपूरला बिऱ्हाड हलवलं. त्या दिवशी मी दुसरीला पाढे सांगत होते. मोटारीचा भोंगा शाळेसमोर वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मुली खिडकीकडे धावल्या. मी त्यांना रागावून जागेवर बसवलं आणि सत्तावीसचा पाढा पुढे चालू केला. भोंगा तिसऱ्यांदा वाजला आणि मोटार निघून गेली.

खिडकीपर्यंत मला जाता आलं असतं. कोणी काही म्हटलं नसतं.