अलंकार मास्तर आणि बंद लिफ्ट

आमच्या ह्यांना सगळे ‘अलंकार मास्तर’ म्हणतात, आणि ह्यांना ते कौतुक वाटतं. एकतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली. निवृत्त झाले तेव्हा मुलं सुटली आणि मी सापडले.

घरात तोंड उघडायची सोय नाही. “भांडी घासून हाताचे तुकडे पडले” म्हटलं, की पेपरामागून आवाज येतो, “अतिशयोक्ती!” “हा मेला पंखा सारखा कण्हतोय” म्हटलं, की “चेतनगुणोक्ती! निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की...” “अहो, पण त्याला तेल घाला ना!” तेल शेवटी मीच घातलं. एकदा मला ताप भरला. अंग निखाऱ्यासारखं तापलंय म्हटलं, तर उशाशी बसून समजावतात, “‘सारखं’ आलं म्हणजे उपमा. ‘अंग म्हणजे निखाराच’ म्हणालीस तर रूपक.” थर्मामीटर शेजारणीने आणला.

तर, गुडघ्याचं ऑपरेशन करून मी लिफ्टने चौथ्या मजल्यावर घरी आले आणि पुढच्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. डॉक्टरांनी जिना बंद केलेला. शेजाऱ्यांनी मला खुर्चीत बसवून उतरवायचा बेत केला, पण पहिल्याच वळणावर खुर्ची अडकली आणि मला तशीच परत वर आणली. माझी ताई रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहायची, दुसऱ्या मजल्यावर. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला पलंगावरून खुर्चीत यायलाच दोन माणसं लागतात. चार महिने आम्ही बहिणी खिडकीतून एकमेकींना हात हलवत होतो. लिफ्टची तक्रार कुणीतरी केलीच असेल, असं इमारतीत जो तो धरून चालला होता. मग तिच्या मुलाची बदली झाली. महिनाअखेरीला तो तिला घेऊन लांब जाणार होता. त्याआधी मला एकदा खाली उतरून तिच्याजवळ बसायचं होतं. बाकी काही नको होतं मला.

“देखभाल कार्यालयाला सरळ लिहा, लिफ्ट बंद आहे म्हणून,” मी ह्यांना म्हटलं.

“सरळ? अगं, सरळ लिहिलेलं वाचतो कोण?”

पहिलं पत्र गेलं ते असं: ‘आमची लिफ्ट रुसून बसली आहे. तिच्या डोळ्यांतला उजेड मालवला आहे.’ चार दिवसांनी एक माणूस आला, बंद लिफ्टमधला दिवा बदलला आणि सही घेऊन गेला. आत लख्ख उजेड पडला. लिफ्ट जिथल्या तिथे.

माझं डोकं फिरलं. ह्यांना मात्र स्फुरण चढलं. “आता व्याजस्तुतीच करतो त्यांची,” म्हणाले. म्हणजे वरून कौतुक करायचं आणि आतून चिमटा काढायचा. दोन दिवस खपून लिहिलं आणि मला उभं राहून वाचून दाखवलं: ‘धन्य आपलं कार्यालय! आम्हा म्हाताऱ्यांच्या प्रकृतीची केवढी ही काळजी! चार महिने लिफ्टला विश्रांती देऊन आपण आम्हाला व्यायामाची गोडी लावलीत. हे उपकार कसे विसरू?’

“अहो, त्यांना हे कळेल का?”

“न कळायला ते काय दगड आहेत?”

“रूपक,” मी म्हटलं. ह्यांना भयंकर आनंद झाला.

दगड कसले, चांगली भावुक माणसं निघाली! आठव्या दिवशी उत्तर आलं. कार्यालयाने ह्यांचे मनापासून आभार मानले होते आणि पत्र चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावलं होतं. खाली बारीक अक्षरात: ‘रहिवासी समाधानी असल्याने तक्रार निकाली. याच विषयावर नवी तक्रार तीस दिवसांनंतर स्वीकारली जाईल.’ हे धावत गेले. तिथल्या साहेबांना व्याजस्तुती समजावून सांगितली, वर तीन उदाहरणं दिली. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि तीस दिवसांनी या म्हणाले. तीस दिवस! ताईला निघायला अकरा उरले होते.

समोरच्या इमारतीतली लिफ्ट चालू होती, बरं का. मध्ये दोनदा बंद पडली होती. त्यांच्या तळमजल्यावरचा शिंपी त्याच कार्यालयाला लिहितो, ‘लिफ्ट बंद आहे. दुरुस्त करा.’ तिसऱ्या दिवशी मेकॅनिक हजर. बिचाऱ्या शिंप्याला अलंकार येत नाहीत.

रविवारी सकाळी ताईला त्याच लिफ्टने खाली आणलं आणि गाडीत बसवलं. मी खिडकीत उभी. भाच्याने मला फोन लावून तिच्या कानाशी धरला. वर बघायला तिची मान वळेना. मला दिसला तो फक्त तिचा हात, गाडीच्या खिडकीतून बाहेर काढलेला.

“बरं, येते हं,” ताई म्हणाली.

पंचाहत्तरी उलटलेली, अंथरुणाला खिळलेली बाई. कुठली येतेय परत! गाडी कोपऱ्यावरून वळली, तरी मी खिडकीचे गज धरून तशीच उभी. फोन स्पीकरवर होता, ह्यांनीही ऐकलं होतं. म्हटलं, आता बोलतील. जायच्या वेळी ‘येते’ म्हणायचं, ह्यालाही काहीतरी नाव असणारच ह्यांच्याकडे.

“सांगा की, मास्तर,” मी म्हटलं. “हा कुठला अलंकार?”

ह्यांनी मान खाली घातली. “माझं चुकलं गं,” एवढंच म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते मला नको होतं. मला माझी ताई हवी होती.