वैयक्तिक वापर

परंड्याच्या एका पतसंस्थेत मी ठेवींच्या टेबलावर होते तेव्हाची गोष्ट. माझं लग्न जवळजवळ जमलेलं होतं. लोहाऱ्याकडचं स्थळ, मुलगा शाळेवर शिक्षक. माणसं बघून गेली होती, पसंती कळवली होती, सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. त्याच दिवसांत अंघोळ करताना मला खांद्याखाली, गळ्याच्या जरा खालच्या बाजूला फिकट डाग दिसले. घासून बघितले, गेले नाहीत.

आईला सांगायची हिंमत झाली नाही. आमच्या गल्लीत एका बाईला कोड होतं आणि तिच्यापायी तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न राहिलं, हे मला आईनंच सांगितलेलं होतं. माझा फोन घरी गेलं की भावाच्या हातात जायचा, त्याचे क्लासचे व्हिडिओ असायचे. त्यावर काही शोधलं तर तो बघणार. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी टाइप केलं, ‘अंगावर पांढरे डाग’. दुसऱ्या दिवशी, ‘कोड लग्नाआधी बरं होतं का’. मग, ‘बार्शीत कातडीचे डॉक्टर’. कॉम्प्युटर सगळं लक्षात ठेवतो हे मला माहीत होतं. पण माझं असलं काही कोण कशाला बघत बसेल, असं वाटलं होतं.

त्या महिन्यात इंटरनेट सारखं अडकायला लागलं. पासबुकं भरायची राहायची, खातेदार ओरडायचे. मुख्य कार्यालयातून कॉम्प्युटरवाला आला, सगळी मशिनं तपासली, कुणी काय बघितलं त्याची यादी साहेबांना दिली आणि सांगून गेला की कामापेक्षा दुसरंच जास्त चालतंय. शनिवारी काउंटर बंद झाल्यावर साहेबांनी सगळ्यांना खुर्च्या घेऊन बोलावलं. लॅपटॉप पुढं ओढला.

“आज जरा गंमत बघू,” ते म्हणाले.

आधी कॅशियर. तो दिवसभर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. “साहेब, मॅच तर बघावीच लागती की!” तो म्हणाला आणि सगळे हसले, साहेबही हसले. मग सोनेतारणवाले. ते जुन्या गाड्यांचे भाव बघत होते. पुन्हा हशा. मीही हसले. मग साहेबांनी चष्मा वर सरकवला.

“आता आपल्या ठेवी मॅडम.”

पहिली ओळ वाचली तेव्हा आधीच्या हसण्याच्या भरात कुणीतरी हसलं. तिथं त्यांना थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. ‘कोड लग्नाआधी बरं होतं का,’ असं त्यांनी सावकाश, प्रश्न विचारल्यासारखं वाचलं आणि सगळ्यांकडं बघितलं. “ह्याचं उत्तर आता संस्थेनं द्यायचं का?”

“साहेब, ते मी सुट्टीत...”

“मॅडम, मी कुणाच्या आजाराबद्दल बोलतच न्हाय. मी इंटरनेटच्या वैयक्तिक वापराबद्दल बोलतोय.”

माझं टायपिंग चांगलं, म्हणून सूचनाही मलाच टाइप करायला लावली. ‘कार्यालयीन इंटरनेटचा वैयक्तिक कारणासाठी वापर करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.’ ती छापून मी टेबलाटेबलावर सह्या घेत फिरले. माझ्या शेजारच्या कर्जाच्या टेबलावर एक ताई होत्या, माहेर लोहाऱ्याचं. माझ्या डब्यातली शेंगांची चटणी त्या रोज मागून घ्यायच्या. मी पेन पुढं केलं तर त्यांनी पर्समधून स्वतःचं काढलं आणि सही केली.

सोमवारी त्यांनी डबा कॅशियरच्या टेबलावर नेला. चहा आला तेव्हा सगळ्यांपुढं काचेचे ग्लास होते आणि माझ्यापुढं कागदी कप. मी शिपाईमामांकडं बघितलं.

“ताईंनी सांगितलंय,” ते ट्रेकडं बघत म्हणाले.

पुढच्या आठवड्यात लोहाऱ्याहून मुलाच्या वडिलांचा फोन आला. मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही म्हणे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कारण काढायचा लई प्रयत्न केला. शेवटी मुलाच्या वडिलांनी एक रेकॉर्डिंग पाठवलं. अण्णांनी फोन बाजेवर ठेवला आणि ते लावलं. आवाज ताईंचा होता.

“दादा, पोरगी गुणाची हाय, नाव ठेवायला जागा न्हाय. पण अंगावर कोड निघालंय. आमच्या हापिसात सगळ्यांना म्हाईत हाय. तुमचं तुमी बघून घ्या. आन माझं नाव कुठं घिऊ नगा.”

बोलणं चालू असताना मागं नोटा मोजायच्या मशिनचा फडफड आवाज येत होता. अण्णांनी ते पुन्हा एकदा लावलं. आई उठली. जवळ आली, माझ्या कुडत्याचा गळा बाजूला ओढला आणि बघितलं.

“आधी मला दाखवायचं होतंस,” ती म्हणाली. “जगाला दाखवून बसलीस.”

त्या दिवसापासून माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळायला लागला.

मी ते रेकॉर्डिंग घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ते कानाला लावून पूर्ण ऐकलं.

“साहेब, हे ऑफिसच्या वेळात, इथं बसून पाठवलंय. मागं मशिनचा आवाज येतोय.”

“पण त्यांच्या मोबाइलवरनं पाठवलंय ना? संस्थेच्या कॉम्प्युटरवरनं न्हाय.” त्यांनी फोन माझ्याकडं सरकवला. “आन खोटं तर काय बोलल्या न्हाईत.”

रविवारी अण्णा मला बार्शीला घेऊन गेले. डॉक्टरांनी डागाची पापुद्र्यासारखी कातडी खरवडून घेतली, तपासली आणि हसले. “शिबं आहेत ही. घामानं येतात. हे मलम लावा, दोन-तीन महिन्यांत कातडीचा रंग परत येईल.” अण्णांनी त्यांना तीन-तीनदा विचारलं. मग ते कागदावर लिहून मागितलं, सहीशिक्क्यासह.

आमच्या शाखेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यावर साहेब रोज सकाळी सुविचार टाकायचे, ताई देवांचे फोटो टाकायच्या, कॅशियर विनोद पाठवायचा. बार्शीहून परत येताना एसटीतच मी त्या दाखल्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘मला कोड नाही. शिबं होती. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.’

सगळ्यांनी बघितलं. कुणी काही लिहिलं नाही. बऱ्याच वेळानं साहेबांचा मेसेज आला. ‘हा ग्रुप फक्त कार्यालयीन कामासाठी आहे. कृपया वैयक्तिक मेसेज टाकू नयेत.’ त्याखाली अंगठे यायला लागले. पहिला ताईंचा. मी बघत होते तोवर दाखल्याचा फोटो ग्रुपवरून काढलाही गेला.

डाग गेले. पार गेले. एक दिवस रेकॉर्डच्या खोलीत ताई एकट्या फाइल शोधत होत्या. मी दार लोटलं, गळ्याचं बटण काढलं आणि कापड बाजूला केलं.

“बघा, ताई. कुठं हाय?”

त्यांनी चष्मा लावला. वाकून नीट बघितलं. मग माझ्या गालावरून हात फिरवायला उचलला आणि मध्येच खाली घेतला.

“औषधानं दबलंय, बाई,” त्या अगदी मायेनं म्हणाल्या. “आत असतंच ते.”

मार्चअखेरचं काम उरकून मी नोकरी सोडली. साहेबांनी छोटासा निरोप समारंभ केला, नारळ दिला, माझ्या टायपिंगचं कौतुक केलं. आता मी धाराशिवला एका वितरकाच्या ऑफिसात आहे. लोहाऱ्याच्या मुलाचं लग्न झालं. त्याचे फोटो मला कुणीतरी मुद्दाम पाठवले.

आता पाहुणे आले की पोहे खाऊन व्हायच्या आत अण्णा स्वतःच शिब्यांची गोष्ट सांगतात. आई चिडते. “कशाला सांगताव? कोण इचारतंय?” अण्णा म्हणतात, “आपण न्हाय सांगितलं तर कुणाचा तरी फोन सांगंल.”

गेल्या महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीची माणसं आली होती. अण्णांचं बोलणं ऐकून मुलाची आई उठली आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लावलं.

“दाव,” ती म्हणाली.

मी दाखवलं. तिनं मला हाताला धरून खिडकीजवळ, उजेडात नेलं, आणि पाठही बघायची आहे म्हणाली.